पंचवटी वरून खाली उतरत बघा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून सहा जण येणार. आई-वडील सत्तरीच्या पुढचे, वडिलांचे गुडघे दुखरे, सोबत दहा-बारा वर्षांची दोन मुलं. नाशिकमध्ये एकच दिवस आणि तो पंचवटीत घालवायचाय. काय बघावं, काय सोडावं, दिवसभराची रिक्षा ठरवावी का?

दिवसभराची रिक्षा ठरवू नका. रिक्षा हवी ती सकाळी वर सोडायला आणि शेवटी घेऊन जायला. पंचवटीत बघण्याजोगं जे आहे ते बहुतेक सगळं पाऊण किलोमीटरच्या आत आहे, आणि ते उतारावर आहे. सीता गुंफा आणि काळाराम मंदिर वरच्या अंगाला, रामकुंड खाली नदीवर. बहुतेक मंडळी गाडी नदीकाठी लावतात, आधी घाटावर जातात, मग गल्लीतला चढ चढून काळारामाला येतात आणि शेवटी सीता गुंफेच्या रांगेत उभी राहतात. तोवर ऊन चढलेलं, गर्दी वाढलेली आणि म्हाताऱ्या माणसांच्या पायांत गोळे. हाच क्रम उलटा केला की चढ उरत नाही. सीता गुंफा, काळाराम, रामकुंड, नारोशंकर, आणि जमलं तर नदीपलीकडचा भांडी बाजार. सकाळी साडेसहाला सुरुवात केली तर अकराच्या आत सगळं निवांत होतं.

नाशिकरोड स्टेशनहून पंचवटी साधारण दहा किलोमीटर. सिटीलिंकच्या बसनं आलात तर निमाणी स्थानकावर उतरा, ते पंचवटीतच आहे. तिथून सीता गुंफेपर्यंत आई-वडिलांना रिक्षात बसवा. स्वतःची गाडी असेल तर नाशिकच्या द्वारका चौकावरून महामार्गानं नदी ओलांडून या आणि गाडी निमाणीच्या आसपास, मोठ्या रस्त्याच्या बाजूला लावा. काळारामाच्या गल्ल्यांत चारचाकी घालू नका. आत शिरते, पण समोरून दुसरी आली की दोघांनाही वळता येत नाही.

रिक्षावाले ‘अकरा ठिकाणं’, ‘चौदा ठिकाणं’ अशा याद्या सांगतात. त्यातली चार-पाच खरी बघण्यासारखी, बाकीची भरतीची: अलीकडे उभी केलेली मंदिरं, आणि बाहेर पडताना ज्यांच्यातून जावंच लागतं अशी रुद्राक्ष आणि खड्यांची दुकानं. आकडा ऐकून भुलू नका. भाडं ठरवायचंच झालं तर ठिकाणांवर ठरवू नका, तासावर ठरवा.

आता सीता गुंफा. बाहेर जुने वड आहेत आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. पंचवटी हे नाव ज्या पाच वडांवरून आलं असं मानतात, ते हे. मुलांना आधी पाची क्रमांक शोधायला लावा, रांगेतला वेळ बरा जातो. गुंफेचा दरवाजा ठेंगणा, आतल्या पायऱ्या अरुंद, आणि मधल्या टप्प्यात कंबरेतून पूर्ण वाकून, काही जणांना तर बसून सरकतच, पुढे जावं लागतं. आत राम, लक्ष्मण, सीता यांच्या मूर्ती आहेत आणि बाजूच्या कोनाड्यात महादेवाची पिंड. अडचण अशी की एकदा आत शिरलं की मागची माणसं लगेच पाठीशी येतात आणि मध्येच परतता येत नाही. हवाही कोंदट असते. त्यामुळे गुडघेदुखी, दमा, रक्तदाबाचा त्रास किंवा बंद जागेची भीती असेल तर आत जाऊच नये. तुमच्या वडिलांनी बाहेर वडाखाली बसावं, मुलांनी आत जाऊन यावं. सकाळी लवकर रांग नसल्यात जमा असते; सुट्टीच्या दिवशी दहानंतर तासभरही मोडतो. मोठ्या पिशव्या आत नेऊ नका, अडकतात.

तिथून काळाराम अगदी जवळ. या मंदिराला मात्र वेळ द्या, निदान पाऊण तास. पेशवाईच्या उत्तर काळात सरदार रंगराव ओढेकरांनी ते बांधलं आणि बांधकामाला बारा वर्षं लागली असं सांगतात. दगड रामशेजच्या बाजूच्या खाणींतला. रामशेज म्हणजे तोच किल्ला, जो १६८२ पासून औरंगजेबाच्या फौजेपुढे वर्षानुवर्षं टिकला. पंचवटीच्या उत्तरेला, दिंडोरी-पेठच्या अंगाला आहे. देव काळ्या पाषाणाचा म्हणून काळाराम, पण मंदिरही तितकंच काळं. पावसात भिजल्यावर या दगडाचा रंग खरा दिसतो, आणि सांध्यांमधली बारीक रेषही तेव्हाच उठून येते.

आत शिरल्यावर लोक सरळ गाभाऱ्याकडे पळतात. तसं करू नका. आधी आवाराच्या कडेनं फिरा. चारही बाजूंना उंच तट, आतून कमानींच्या ओवऱ्या, आणि मुख्य मंदिरापासून सुटा उभा असलेला सभामंडप. सभामंडप वेगळा का ठेवला हे कीर्तनाच्या वेळी कळतं: माणसं इथे बसतात, मारुती रामाकडे तोंड करून उभा, आणि गाभाऱ्यातल्या दर्शनाची रांग बाजूनं चालू राहते, कुणाचा कुणाला अडथळा नाही. शिखर सुमारे सत्तर फूट उंच. ते नीट बघायचं तर सभामंडपाच्या मागे, तटाला पाठ लावून उभं राहा. जवळून नुसती मान दुखते. गाभाऱ्याचे फोटो काढू नका, पुजारी हटकतात.

दरवाजे चारही दिशांना आहेत. हे मुलांना मुद्दाम दाखवा, कारण २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात सत्याग्रही या चारही दरवाजांपुढे बसले होते आणि दरवाजे आतून बंद होते. लढा एका दिवसाचा नव्हता. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षं चालवला. १९३५ मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिच्यामागे हे बंद दरवाजे होते. शाळेच्या पुस्तकात चार ओळींत संपणारा हा धडा दरवाजासमोर उभं राहिलं की लगेच समजतो: बाहेर किती जागा आहे, आत किती आहे, आणि मध्ये किती जाड लाकूड.

एक साधी गोष्ट. मार्चपासून जूनपर्यंत दुपारी हा काळा दगड तव्यासारखा तापतो आणि चपला बाहेर काढाव्या लागतात. पायमोजे जवळ ठेवा. सकाळी आठच्या आत गेलात तर गरज पडणार नाही.

काळारामाकडून खाली नदीकडे येणारी वाट सरदार चौकातून उतरते. गल्ली अरुंद, उतार चांगलाच, आणि दोन्ही बाजूंनी दुकानं पुढे आलेली. २७ ऑगस्ट २००३ रोजी, सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वणीला, याच भागात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. उतारावर मागचा लोंढा थांबवता येत नाही, हे त्याचं मूळ. म्हणून पर्वणी, रामनवमी किंवा त्यानंतरच्या एकादशीला, रथाच्या दिवशी, म्हातारी माणसं आणि मुलं घेऊन या गल्लीत शिरू नका. मोठ्या रस्त्यानं वळसा घालून घाटावर या. एरवीच्या दिवशी ही वाट झकास आहे. कुंकवाचे ढीग, तांब्याचे छोटे गडू, गरमागरम चहा. गडूत नदीचं पाणी भरून वरून झाळलेलं असतं, त्याला इथे ‘गंगा’ म्हणतात. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. कुणी ‘गंगेवर चाललोय’ म्हणाला तर तो रामकुंडाकडे निघालाय असं समजावं. घेणार असाल तर गडू उलटा धरून सांधा बघा, झाळ कच्चा असेल तर घरी पोचेपर्यंत पिशवी ओली.

रामकुंडाशी आल्यावर पहिल्यांदा निराशा होते, हे सांगून ठेवतो. वाहती रुंद नदी डोळ्यांपुढे असते आणि समोर दिसतो तो फरसबंद, पायऱ्यांनी बांधून काढलेला हौद. इथली नदी ही एकामागून एक कुंडांची साखळी आहे: लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, रामकुंड, सीताकुंड आणि पुढे आणखी. पश्चिमेकडून आलेली गोदावरी इथे दक्षिणेला वळते, म्हणून या जागेला दक्षिणवाहिनी म्हणून मान. अस्थिविसर्जन इथेच होतं. त्यामुळे हे एकाच वेळी सहलीचं आणि दुःखाचं ठिकाण आहे. मुलांना आवाज हळू ठेवायला सांगा आणि विधी करणाऱ्यांचे फोटो घेऊ देऊ नका.

पाण्यात उतरायचं असेल तर साखळी किंवा कठडा धरूनच. पाण्याखालच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि पडणारा माणूस जवळजवळ नेहमी दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवर पडतो, कारण पहिली कोरडी असल्यानं पाय बिनधास्त टाकलेला असतो. वडिलांना पाय धुवायचे असतील तर तांब्यानं पाणी घेऊन काठावर धुवावेत. तीर्थ म्हणून ओंजळीनं प्यायचं मात्र टाळा. शहरातून वाहत आलेलं पाणी आहे, श्रद्धा डोक्याला लावूनही पुरते.

काही विधी करायचे असतील तर घाटावर गाठणाऱ्या पहिल्या माणसाबरोबर जाऊ नका. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे आडनाव आणि मूळ गाव यांवरून लावलेल्या वह्या असतात. आपलं गाव सांगून त्या गावचे उपाध्ये कोण ते विचारायचं. वही निघाली तर आजोबा-पणजोबांच्या हाताची नोंदही सापडू शकते. दक्षिणा आणि साहित्य मिळून किती, हे बसण्याआधी बोलून घ्या. बसल्यावर बोलणं दोघांनाही जड जातं.

कुंडासमोरच्या टेकाडावर कपालेश्वर. या महादेवापुढे नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटायला रामकुंडात स्नान कर हे नंदीनं सुचवलं, म्हणून शंकरानं त्याला गुरू मानलं आणि समोर बसू दिलं नाही, अशी कथा. पायऱ्या चढ्या आहेत. मुलांना पाठवा, मोठ्यांनी खालूनच हात जोडावेत. सोमवारी, त्यातही श्रावणात, सगळ्यांनीच खालून. कुंडाशीच गंगा-गोदावरीचं मंदिर आहे. ते बारा वर्षांतून एकदा, सिंहस्थात उघडतं, एरवी बंद असतं. बंद दिसलं म्हणून उशीर झाला असं समजू नका.

आता मुलांसाठी सगळ्यात चांगला भाग. रामकुंडापासून थोडं खाली, नदीच्या पात्रातच, दुतोंड्या मारुती उभा आहे. दोन बाजूंना दोन तोंडं. नाशिककरांच्या लेखी ही पूर मोजायची पट्टी. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सरकारी आकडा होळकर पुलाखालचे क्युसेक सांगतो, पण गावात चौकशी होते ती ‘मारुतीच्या कुठवर आलं?’ अशीच. पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. पाणी कमरेच्या वर चढू लागलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातली खालच्या अंगाची दुकानं माल हलवायला लागतात; गळ्याशी आलं की घाटावरची छोटी देवळं दिसेनाशी झालेली असतात. सप्टेंबर २००८ आणि २ ऑगस्ट २०१६ हे पूर गावाच्या चांगलेच लक्षात आहेत. मुलांना मारुतीशेजारी उभं करा आणि तिथून वर, काठावरच्या देवळांकडे बघायला सांगा. पाणी कुठवर चढतं याची कल्पना कुठल्याही माहितीफलकापेक्षा यातून चटकन येते.

त्या पट्टीची वरची खूण म्हणजे नारोशंकराची घंटा. नारोशंकर राजेबहादूर हे मालेगावचा किल्ला बांधणारे सरदार; त्यांनी १७४७ मध्ये इथे रामेश्वराचं मंदिर बांधलं, पण देवाचं नाव मागे पडून मंदिर नारोशंकराचंच झालं. भोवती किल्ल्यासारखा तट, त्यावर छत्र्या, आणि दर्शनी भिंतीवर टांगलेली भली मोठी कांस्याची घंटा. घंटा मूळची पोर्तुगीजांची. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा चर्चमधल्या घंटा विजयचिन्ह म्हणून मराठी सरदारांनी ठिकठिकाणी नेल्या, त्यांतली ही एक. अंगावर १७२१ हे साल आहे. साल वाचायला दुर्बीण किंवा मोबाइलचा झूम लागतो. तट बघून परतू नका, आतल्या शिखराची कलाकुसर त्याहून सरस आहे: मोर, माकडं, हत्ती, बारीक नक्षीच्या पट्ट्या. पेशवेकाळातलं इतकं भरगच्च कोरीव काम गोदाकाठावर दुसरं नाही. सकाळी सूर्य मंदिराच्या मागून येतो, त्यामुळे नदीकडून काढलेले फोटो काळे पडतात. फोटो हवे असतील तर संध्याकाळी पलीकडच्या काठावरून.

पायात त्राण असेल तर नदी ओलांडून भांडी बाजारात चक्कर मारा. तांब्या-पितळेची भांडी तोलावर विकतात, नगावर नाही. तोलाचा भाव आणि घडणावळ वेगळी विचारा. पाण्याच्या तांब्याच्या हंड्याला आतून कल्हई लागत नाही, पण स्वयंपाकाच्या पितळी पातेल्याला हवीच, नाहीतर आमटी-ताक कळकतं. हाताच्या ठोक्याचं भांडं ओळखायचं तर आतून बोटं फिरवा: ठोके एकसारखे पण अगदी सारखे नसतात. यंत्रावर दाबलेल्या भांड्याचे ठोके छापल्यासारखे येतात. याच काठावर होळकर पुलाशेजारी सुंदरनारायण, १७५६ सालचं. २१ मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण मूर्तीवर पडतात, त्यासाठी लोक पहाटे येतात. इतर दिवशी बाहेरून बघितलं तरी चालेल.

अकरा वाजता भूक लागेल. मिसळ खायची तर हीच वेळ. दुपारनंतरचा रस्सा आटलेला आणि मटकी गाळ झालेली. मुलांसाठी रस्सा वेगळा आणि दही आधीच मागून घ्या.

तपोवन दोन-अडीच किलोमीटरवर आहे, त्याला रिक्षा करा किंवा सोडून द्या. कपिला आणि गोदावरीचा संगम, लक्ष्मणाचं मंदिर, शूर्पणखेचं नाक कापल्याची जागा म्हणून दाखवतात ते ठिकाण. पूर्वी तिथे झाडी आणि शांतता हेच बघण्यासारखं होतं. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, संगमाचा खडक आणि पाणी छान दिसतं; एप्रिल-मेमध्ये पाण्याला वास येतो. दुपारी तिथे जाण्याऐवजी आई-वडिलांना खोलीवर दोन तास पाठ टेकू द्या आणि संध्याकाळी पुन्हा घाटावर आरतीला आणा. पांडवलेणी मात्र या दिवसात कोंबू नका. चोवीस लेणी, बऱ्याच पायऱ्या, शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्याला वेगळी सकाळ हवी.

कधी यावं? दिवाळीनंतर ते फेब्रुवारी सगळ्यात सुखाचं, आणि शक्यतो मंगळवार ते गुरुवार. बुधवारी घाटाच्या बाजूला आठवडे बाजार भरतो. भाजी स्वस्त, पार्किंग महाग पडतं. अमावस्येला आणि पितृपंधरवड्यात कुंडावर जागा मिळत नाही. २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू असल्यानं काही रस्ते अचानक बंद असतात. रिक्षावाल्याला आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा.

जुलै ते सप्टेंबरात आलात तर एकच नियम: गौरी पटांगण, म्हसोबा पटांगण अशा नदीकाठच्या मोकळ्या जागांवर गाडी लावू नका, कोरडी ठणठणीत दिसली तरी. शहरात पाऊस नसतो, पण धरणातून विसर्ग सुरू झाला की काही तासांत पाणी इथे पोचतं. दरवर्षी एक-दोन गाड्या दोर लावून बाहेर काढाव्या लागतात, आणि त्या जवळजवळ नेहमी बाहेरगावच्या असतात.

सणाचे दोन दिवस मुद्दाम गाठण्यासारखे आहेत, पण ते म्हाताऱ्या माणसांशिवाय. एक चैत्रातला, रामनवमीनंतर एकादशीला निघणारा रथ. रामाचा आणि गरुडाचा असे दोन रथ दोरांनी ओढतात, आणि मानाचे बुवा देवाकडे तोंड करून रथापुढे उलटे चालतात. रामाचा रथ नदी ओलांडत नाही. गरुडरथ पलीकडे गावात जातो. दुसरा रंगपंचमीचा. नाशिकमध्ये पेशवाईपासूनच्या रहाडी आहेत, म्हणजे रस्त्याखाली बांधलेले दगडी हौद. वर्षभर त्या फळ्या आणि माती टाकून बुजवलेल्या असतात आणि वरून रहदारी चालते. रंगपंचमीला उघडतात, फुलांचा उकळलेला रंग भरतात आणि पोरं त्यात धप्पा मारतात. पंचवटीतली रहाड शनी चौकात आहे. काळारामाच्या बाजूनं फिरताना तो चौक लागला तर मुलांना सांगा, ते हौदावर उभे आहेत.